मोबाइलवरून छापतो, लॅपटॉपवर ‘ऑफलाइन’: घरचा वायफाय प्रिंटर आणि ग्राहक सेवेची टोलवाटोलवी

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरचा वायफाय प्रिंटर लॅपटॉपवर अधूनमधून ‘ऑफलाइन’ दिसतो. प्रिंटरवरचा वायफायचा दिवा तेव्हा नीट लागलेला असतो आणि मोबाइलवरून फोटो पाठवला तर तो छापलाही जातो. सगळे बंद करून चालू केले की काही दिवस बरे जातात, मग ये रे माझ्या मागल्या. लॅपटॉप विंडोजचा आहे. प्रिंटर कंपनीच्या ग्राहक सेवेने दर वेळी ड्रायव्हर (लॅपटॉपवरचे प्रिंटर चालवणारे सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकायला लावला आणि शेवटी ‘दोष तुमच्या राउटरचा’ असे सांगून तक्रार बंद केली. इंटरनेट देणारे म्हणतात, इंटरनेट चालू आहे ना, मग प्रिंटरशी आमचा संबंध नाही. आता नवा प्रिंटर घ्यावा का?

घेऊ नका, निदान इतक्यात तरी नको. निम्मे निदान तुमच्या प्रश्नातच आहे. लॅपटॉप ‘ऑफलाइन’ म्हणत असताना त्याच क्षणी मोबाइलवरून छपाई होते, म्हणजे प्रिंटर धडधाकट आहे, त्याचे वायफाय चालू आहे आणि राउटरही त्याला ओळखतो. चुकामूक होते ती फक्त लॅपटॉप आणि प्रिंटर यांच्यात. अशा वेळी ड्रायव्हर बदलत बसणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा क्रमांक, देतो, पण कायमचा नाही, मुदतीने. या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात आणि बऱ्याच घरगुती राउटरांवर ही मुदत २४ तासांची असते. मुदत सरत आली की उपकरण तोच पत्ता पुन्हा मागते आणि सहसा तो मिळतोही. पण मधेच वीज गेली, राउटर रीस्टार्ट झाला, प्रिंटर चार दिवस बंद राहिला, घरात पाहुण्यांचे दोन फोन जोडले गेले, की प्रिंटरच्या वाट्याला दुसरा पत्ता येऊ शकतो. काल १९२.१६८.१.७ होता, आज १९२.१६८.१.१२. मोबाइलला याचे काही वाटत नाही, कारण तो पत्ता लक्षातच ठेवत नाही. दर वेळी तो गावात शिरलेल्या पाहुण्यासारखा हाळी देतो, ‘इथे प्रिंटर कोण आहे?’ आणि प्रिंटर ओ देतो. या पद्धतीचे नाव एमडीएनएस. ॲपलने २०१० साली आणलेले एअरप्रिंट याच पायावर उभे आहे आणि अँड्रॉइडवरची छपाई सेवाही प्रिंटर शोधायला हेच वापरते. विंडोजवर मात्र प्रिंटर पहिल्यांदा जोडताना एक ‘पोर्ट’ तयार होतो, आणि पुढची सगळी छपाई त्या पोर्टातून जाते. पोर्ट जुन्या पत्त्याला चिकटलेला असला की लॅपटॉप रिकाम्या घराची कडी वाजवत बसतो.

हे खरेच तुमच्या बाबतीत घडते आहे का, ते तपासायला पाच मिनिटेही लागत नाहीत. प्रिंटर पुन्हा ‘ऑफलाइन’ दिसला की लगेच काही बंद-चालू करू नका. आधी प्रिंटरकडून त्याचे नेटवर्क माहितीचे पान छापून घ्या. छोटा पडदा असेल तर नेटवर्कच्या मेनूत तो पर्याय असतो. नुसती बटणे असतील तर माहितीचे किंवा वायफायचे बटण काही सेकंद दाबून धरावे लागते. नेमके कोणते, ते मॉडेलच्या पुस्तिकेत असते. त्या पानावर वायफायचे नाव, आयपी पत्ता, मॅक पत्ता (उपकरणाला कारखान्यातूनच मिळालेला ओळख क्रमांक) आणि बहुधा सिग्नलची ताकद एवढे मिळते. आता लॅपटॉपवर ब्राउझर उघडा आणि वरच्या पट्टीत तो आयपी पत्ता टाइप करा. जवळपास प्रत्येक नेटवर्क प्रिंटरच्या आत एक छोटी वेबसाइट असते. ती उघडली तर लॅपटॉपपासून प्रिंटरपर्यंतचा रस्ता मोकळा आहे आणि गडबड विंडोजच्या पोर्टात किंवा रांगेत आहे. ब्राउझर ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’ असे बजावेल. घाबरू नका, प्रिंटरने स्वतःचे प्रमाणपत्र स्वतःच केलेले असते म्हणून ब्राउझर कुरकुरतो. घरच्या नेटवर्कवर, पत्ता पानावरूनच घेतलेला असेल तर पुढे जायला हरकत नाही.

पानावरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर गोष्ट वेगळी. तो राउटरने दिलेला पत्ताच नव्हे. राउटरकडून काही मिळाले नाही म्हणून उपकरणाने स्वतःच घेतलेला तो पत्ता आहे. तेव्हा प्रिंटर आणि राउटर यांच्यातच बिनसले आहे असे समजा. आणि प्रिंटरचा पत्ता १९२.१६८.१ चा पण लॅपटॉपचा १९२.१६८.० चा असेल, तर घरात बहुतेक दोन राउटर आहेत, एक इंटरनेटवाल्यांनी दिलेला आणि दुसरा तुम्ही सिग्नल वाढवायला आणलेला, आणि दोघांनी आपापले वेगळे नेटवर्क मांडले आहे. दुसऱ्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडमध्ये टाकले की सगळे एका छताखाली येतात.

तुमच्या लक्षणांवरून मला पोर्टाचाच संशय आहे, म्हणून उपाय त्याचा सांगतो. तो दोन टप्प्यांत करायचा, आणि पहिला टप्पा राउटरवर आहे. राउटरच्या सेटिंग्जमध्ये डीएचसीपीखाली ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ नावाची सोय असते. तिथे प्रिंटरचा मॅक पत्ता द्यायचा आणि त्याच्यासाठी एक आयपी राखून ठेवायचा. त्यानंतर राउटर कितीदाही बंद पडो, प्रिंटरला तोच पत्ता मिळेल. काही जण प्रिंटरमध्येच ‘स्टॅटिक’ पत्ता भरायला सांगतात. त्यानेही काम होते, पण मला ते आवडत नाही. राउटरला त्याची खबर नसते, त्यामुळे तोच पत्ता तो उद्या दुसऱ्या फोनला देऊन बसू शकतो, आणि पुढे राउटर बदललात की प्रिंटर जुन्याच पत्त्यावर अडून बसतो. स्टॅटिक द्यायचाच असेल तर राउटर ज्या टप्प्यातले पत्ते वाटतो त्याच्या बाहेरचा द्या. मॅक पत्ता लिहिताना एक गोष्ट बघा: प्रिंटरला केबल आणि वायफाय दोन्ही असतील तर दोन्हींचे मॅक पत्ते वेगळे असतात. चुकून केबलचा भरला तर वायफायवर काहीच फरक पडणार नाही.

दुसरा टप्पा विंडोजवर. सेटिंग्जमधून प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, तिथे तुमचा प्रिंटर, मग ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’ आणि त्यातला ‘पोर्ट्स’ हा टॅब. ज्या पोर्टापुढे बरोबरची खूण आहे त्याचे नाव वाचा. ते डब्ल्यूएसडी ने सुरू होत असेल तर विंडोजने प्रिंटर आपोआप शोधून जोडला आहे. डब्ल्यूएसडीसुद्धा हाळी देण्याचीच पद्धत. पत्ता बदलला तरी प्रिंटर सापडावा हाच तिचा हेतू. पण प्रिंटर गाढ झोपेत गेला किंवा राउटरने ती हाळी पुढे पोहोचवली नाही, की विंडोज त्याला ऑफलाइन ठरवते आणि प्रिंटर जागा झाल्यावरही ते मत सहजी बदलत नाही. अशा वेळी ‘ॲड पोर्ट’मधून ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडून राखून ठेवलेला पत्ता भरा. मग ‘कॉन्फिगर पोर्ट’ उघडून ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ या चौकोनातली खूण काढा. ही एवढीशी खूण फार छळते. विंडोज एसएनएमपीने प्रिंटरला ‘आहेस का?’ विचारते, आणि प्रिंटरमध्ये ती सोय बंद असली किंवा उत्तर यायला उशीर झाला तर प्रिंटर जिवंत असूनही ऑफलाइन दाखवते. खूण काढल्याने शाई-कागदाची स्थिती लॅपटॉपवर कदाचित दिसणार नाही, पण छपाईचा मजकूर वेगळ्या वाटेने जातो, त्यामुळे छपाईला काही होत नाही.

यादीत एकाच प्रिंटरच्या दोन-तीन नोंदी दिसतील, ‘कॉपी १’ वगैरे. हे आतापर्यंतच्या ड्रायव्हर-नाट्याचे अवशेष आहेत. चालणारी एक ठेवा, बाकीच्या काढा. ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ हा पर्यायही बंद करा, नाहीतर विंडोज शेवटी वापरलेला प्रिंटर मुख्य धरते आणि तुमची पाने भलत्याच नोंदीकडे जाऊन अडकतात. रांगेत एखादे काम ‘डिलीटिंग’ म्हणत तासन्‌तास बसले असेल तर विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) थांबवा, विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरात स्पूल आणि त्यात प्रिंटर्स नावाचे फोल्डर आहे ते आतून रिकामे करा (फोल्डर नका काढू, फक्त त्यातल्या फाइली) आणि स्पूलर पुन्हा चालू करा.

ड्रायव्हरबद्दल एवढेच सांगतो की कंपनीचे भलेमोठे पॅकेज हवेच असते असे नाही. गेल्या काही वर्षांतले बरेच प्रिंटर आयपीपी ही खुली पद्धत जाणतात आणि विंडोजमधल्या साध्या आयपीपी ड्रायव्हरवर बिनबोभाट छापतात. मायक्रोसॉफ्टनेही २०२३ साली कंपन्यांच्या स्वतंत्र ड्रायव्हरांवरून टप्प्याटप्प्याने बाहेर पडण्याचे जाहीर केले.

आता समजा हे सगळे केले आणि तरी प्रिंटर गायब होतो, आणि या वेळी मोबाइललाही दिसत नाही. मग संशय वायफायवर. पुष्कळ घरगुती प्रिंटरांना फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय कळते. राउटर २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाने देत असेल आणि उपकरणांना मनाने इकडून तिकडे ढकलत असेल, तर प्रिंटर गोंधळतो. २.४ ला वेगळे नाव देऊन बघा. नवा राउटर केवळ डब्ल्यूपीए३ सुरक्षेवर असेल तर जुना प्रिंटर जोडलाच जाणार नाही, त्याला डब्ल्यूपीए२ लागते. प्रिंटर ‘गेस्ट’ नेटवर्कवर असेल किंवा राउटरवर ‘एपी आयसोलेशन’ चालू असेल तर इंटरनेट सगळ्यांना मिळते, पण उपकरणे एकमेकांना दिसत नाहीत. आणि फक्त ऑफिसच्या लॅपटॉपलाच प्रिंटर दिसत नसेल तर आधी व्हीपीएन, म्हणजे कचेरीच्या नेटवर्कशी जोडणारी खासगी वाट, बंद करून बघा. पुष्कळ कचेऱ्यांचे व्हीपीएन घरच्या नेटवर्ककडे जाणारी वाट मुद्दाम बंद ठेवते. आयफोनवर एखाद्याच ॲपला प्रिंटर सापडत नसेल तर त्या ॲपची ‘लोकल नेटवर्क’ परवानगी तपासा. ही परवानगी २०२० च्या आयओएस १४ पासून आली आहे.

माझे स्पष्ट मत विचाराल तर प्रिंटरला केबलचे सॉकेट असेल आणि राउटर जवळ असेल तर केबल लावा आणि यातल्या निम्म्या कटकटींना रामराम करा. प्रिंटर काही घरभर हिंडत नाही, त्याला बिनतारी असण्याची हौस कशाला?

एक फाटा मात्र इथेच सांगायला हवा, कारण तो ड्रायव्हरच्या माथी मारला जातो: छपाई चालते पण संगणकाच्या फोल्डरमध्ये स्कॅन जात नाही. जुने प्रिंटर त्यासाठी एसएमबी१ ही नेटवर्कवरून फाइली पाठवण्याची पद्धत वापरतात, आणि विंडोज १० ने २०१७ मध्ये ती मुळातून बंद ठेवायला सुरुवात केली. त्याच वर्षी वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने याच जुन्या पद्धतीतल्या छिद्रातून जगभर धुमाकूळ घातला होता. कोणी ती परत चालू करायला सांगितली तर नम्रपणे नाही म्हणा. पेनड्राइव्हवर किंवा फोनच्या ॲपमधून स्कॅन करा.

आता ग्राहक सेवा. फोनवरचा पहिला माणूस समोरच्या पडद्यावरची प्रश्नावली वाचत असतो, आणि ती क्रमाने पूर्ण केल्याशिवाय त्याला तक्रार वर पाठवता येत नाही. त्याच्याशी हुज्जत घालून काही हाती लागत नाही. तुमच्या हातात पुरावा असला तर मात्र संभाषणाचा नूर बदलतो. ‘प्रिंटर चालत नाही’ या वाक्याला ‘ड्रायव्हर पुन्हा टाका’ हेच उत्तर येणार, कारण दुसरे काही सुचावे असे त्यात काहीच नाही. म्हणून फोन करण्याआधी दोन चाचण्या उरका. पहिली, यूएसबी केबलने थेट लॅपटॉपला जोडून छापून बघा. छापले तर छपाईची यंत्रणा ठीक. दुसरी, प्रिंटर राउटरऐवजी मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा आणि तासभर तसाच ठेवा. हॉटस्पॉट २.४ वर असावा. आयफोनमध्ये त्यासाठी ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ चालू करावे लागते. काही फोन हॉटस्पॉटवरच्या उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाहीत, तेव्हा छपाई नाही झाली तरी चालेल. तो जोडलेला राहतो का एवढे बघा. तिथे टिकला तर दोष राउटरच्या सेटिंगकडे झुकतो. तिथूनही सारखा सुटत असेल तर प्रिंटरच्या वायफाय भागात बिघाड असण्याची शक्यता बळावते, आणि मग ‘तुमच्या राउटरचा दोष’ हे वाक्य त्यांना सहज म्हणता येत नाही.

मग शक्यतो लेखी लिहा. चॅट असेल तर शेवटी तिची प्रत ईमेलवर मागा. मजकूर साधारण असा असावा:

‘मॉडेल अमुक, अनुक्रमांक तमुक, फर्मवेअर आवृत्ती अमुक, खरेदीची तारीख ही, पावती सोबत जोडली आहे. प्रिंटर वायफायवरून दिवसातून दोन-तीनदा सुटतो. राउटरवर त्याचा आयपी राखून ठेवला आहे. सुटल्यावर त्याच्या आयपीवरचे वेबपान कोणत्याही उपकरणावर उघडत नाही. यूएसबीवर छपाई व्यवस्थित होते. दुसऱ्या नेटवर्कवर, म्हणजे मोबाइल हॉटस्पॉटवरही, हाच दोष दिसतो. सुटण्याच्या वेळा आणि नेटवर्क पानाचे फोटो सोबत आहेत. हा वायफाय भागाचा बिघाड असून वॉरंटीत येतो का, आणि येत नसल्यास कोणत्या कारणाने, हे लेखी कळवावे.’

शेवटचा प्रश्न जसाच्या तसा ठेवा. ‘काहीतरी करा’ याला ‘आम्ही बघतो’ हे उत्तर मिळते. ‘हो की नाही, आणि का’ याला टाळणे अवघड जाते. तक्रार क्रमांक संभाषणाच्या सुरुवातीलाच मागून घ्या, कारण फोन मधेच तुटतो आणि दुसऱ्या माणसापुढे सगळे पुराण पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते. त्याने सांगितलेले निरुपद्रवी उपाय, जसे बंद-चालू करणे, केबल तपासणे, आधी केलेले असले तरी पुन्हा करून टाका. पण ‘फॅक्टरी रीसेट’ म्हटले की थांबा आणि त्याने नेमके काय पुसले जाते ते विचारा. वायफायची माहिती, स्कॅनचे पत्ते, कधी फॅक्सची यादीही जाते. फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरच्या आतले सॉफ्टवेअर, अद्ययावत करण्याचा आग्रह झाला तर हेही लक्षात घ्या: त्याने सुरक्षेतली छिद्रे बुजतात, म्हणून मी सहसा करा म्हणतो, पण तुम्ही बाहेरच्या कंपनीचे काट्रिज वापरत असाल तर काही प्रिंटर अद्ययावत झाल्यावर ते नाकारतात, आणि मागे फिरण्याची सोय बहुधा नसते.

तुमची तक्रार त्यांनी बंद केली आहे. नवी नोंदवू नका, जुन्या क्रमांकाचा हवाला देऊन तीच पुन्हा उघडायला सांगा. नवी तक्रार म्हणजे पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात. इंटरनेटवाल्यांकडेही नुसता प्रिंटरचा विषय काढू नका; त्यांना विचारा, ‘या राउटरवर ॲड्रेस रिझर्व्हेशन कुठे आहे आणि एपी आयसोलेशन बंद आहे का?’ हा प्रश्न त्यांच्या अखत्यारीतला आहे, त्यावर ते कानावर हात ठेवू शकत नाहीत.

एक धोका गंभीरपणे सांगतो. ‘प्रिंटर ऑफलाइन’ असे शोधले की वर येणाऱ्या जाहिरातींत बनावट ग्राहक सेवा भरपूर असतात. पान हुबेहूब कंपनीसारखे, मॉडेल क्रमांक टाकला की ‘ड्रायव्हर बसवत आहोत’ असे चक्र फिरते, मग मुद्दाम त्रुटी दाखवून फोन नंबर पुढे येतो. पलीकडचा माणूस दूरनियंत्रणाचे ॲप टाकायला लावतो, विंडोजच्या नोंदवहीतल्या रोजच्या किरकोळ सूचना ‘व्हायरस’ म्हणून दाखवतो आणि पैसे मागतो. त्यामुळे नंबर शोधून घेऊ नका. खोक्यावरून, पुस्तिकेतून किंवा कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून उघडलेल्या साइटवरूनच घ्या. प्रिंटर दुरुस्त करायला कोणालाही बँकेचा ओटीपी लागत नाही. आधीच्या एखाद्या फोनमध्ये असे काही झाले असेल तर लॅपटॉपचे इंटरनेट तोडा, ते ॲप काढा, दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला आणि बँकेला लगेच कळवा. तसेच प्रिंटर बाहेरून दिसावा म्हणून राउटरवर ‘पोर्ट’ (हा विंडोजमधला नव्हे, इंटरनेटवरून घरात शिरायचा दरवाजा) उघडायला कोणी सांगितले, तर ते अजिबात करू नका.

तर तुमच्यासाठी क्रम असा: आज रात्री रिझर्व्हेशन आणि नवा पोर्ट, एसएनएमपीची खूण काढलेली. त्यानंतरही कधी ऑफलाइन दिसला तर रीस्टार्टच्या बटणाला हात लावण्याआधी तीन गोष्टी टिपून ठेवा: नेटवर्क पानावरचा पत्ता, ब्राउझरमध्ये तो उघडतो का, आणि त्या क्षणी मोबाइलवरून छापले जाते का. रीस्टार्ट केले की हा सगळा माग पुसला जातो. या तीन उत्तरांवरून बिघाड कोणाच्या दारात आहे हे ठरेल, आणि वरचे पत्र कोणाला पाठवायचे तेही.